सिस्टरच्या गाडीतला लाल सिलिंडर

माझी पत्नी नर्स होती. राहुरीच्या आसपासच्या खेड्यांत तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि तिच्या छोट्या पांढऱ्या गाडीला सिस्टरची गाडी. गाडी तीच चालवायची. मी शेजारच्या सीटवर बसून वाचायचो. मी पण शिकावं म्हणून तिने एकदा मला स्टिअरिंगवर बसवलं होतं, पण सोनईच्या अलीकडेच ती म्हणाली, "उतरा. तुमचं लक्ष रस्त्यावर नाही, पाट्यांवरच्या चुकांवर आहे." ते खरं होतं. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

ती आजारपणात गेली. गाडी घराशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली. टायर बसले, काचांवर धूळ साठली, आणि शेजाऱ्यांच्या मांजरीने मागच्या सीटवर पिल्लं घातली. मी रोज सकाळी मांजरीला दूध नेऊन द्यायचो आणि तेवढ्या निमित्ताने दार उघडायचो. दार उघडलं की आतून अजून तिच्या हँडक्रीमचा वास यायचा. पिल्लं मोठी होऊन निघून गेली, तरी मी दार उघडायला जात होतो.

आमची एकच मुलगी. ती नगरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि शनिवारी-रविवारी घरी येते. नगरच्या पुढे एका माळावर हौशी लोकांच्या मोटारींच्या शर्यती होतात. मातीत आखलेला वळणावळणांचा रस्ता असतो, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि कोण कमी वेळात पोचतं ते बघतात. माय-लेकी एकदा त्या बघायला गेल्या होत्या आणि धुळीने माखून, घसा बसवून परत आल्या होत्या. त्या दिवसापासून मुलीच्या डोक्यात ते होतं. एका शनिवारी जेवताना तिने मला विचारलं, "पप्पा, मम्मीची गाडी शर्यतीला नेऊ?"

मी म्हटलं, "मग बघू."

आमच्या घरात 'मग बघू' म्हणजे नाही. तिला ते लहानपणापासून ठाऊक आहे. तिने वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी येताना तिने शर्यतीच्या नियमांची प्रत छापून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवून दिली. छापलेलं काही समोर असलं की मी ते वाचल्याशिवाय राहू शकत नाही, हेही तिला ठाऊक आहे.

मी त्या पुस्तकाला आधी तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि मग ते सावकाश वाचलं. आगीचं प्रकरण सगळ्यांत लांब होतं. ते लिहिणाऱ्याने गाड्या जळताना पाहिल्या असाव्यात. एकही शब्द जास्तीचा नव्हता. आग विझवायचा सिलिंडर कुठे हवा, तो कशाने बांधायचा, विजेचा मुख्य स्विच कुणाच्या हाताला लागला पाहिजे, पेट्रोलची टाकी आणि चालवणारा यांच्यामध्ये काय असलं पाहिजे, सगळं होतं. ते प्रकरण वाचून मला झोप लागेना. रविवारी चहाच्या वेळी मी मुलीला म्हणालो, "आगीचं सामान यात लिहिल्याप्रमाणे बसव. मी स्वतः उभा राहून बघणार. मग सांगतो."

ती म्हणाली, "'मग बघू'चं 'मग सांगतो' झालं. प्रगती आहे."

घरात आता आम्ही दोघंच उरलो होतो. त्यातली एक पेट्रोलच्या टाकीवर बसून जोरात जायचं म्हणत होती, आणि मी हो म्हणायचं होतं.

बेलापूरला एका मिस्त्रींची शेड आहे. ते उसाच्या ट्रॉल्या बनवतात आणि आमची गाडीही पहिल्यापासून तेच दुरुस्त करत आले. उंच, आडव्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. आपल्याला सगळं येतं यावर त्यांचा पूर्ण विश्वास. टेम्पोत घालून गाडी तिथे नेली. तोवर मुलीने, गाडी उलटली तरी आतलं माणूस चेपू नये म्हणून, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवून घ्यायचं ठरवलंच होतं, आणि ते काम मिस्त्रींनी झकास केलं. आगीचं सामान मात्र त्यांना पटेना.

"सर, आमच्या ट्रॉलीला कुठं असतंय हे?" ते मला म्हणाले.

"ट्रॉलीत ऊस असतो," मी म्हटलं.

"व्हय. आन तो जळाला तर कारखाना भाव कमी धरतो. तेवढंच."

"यात माझी मुलगी असणार आहे."

त्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं, काय लिवलंय पोथीत? वाचा."

तेव्हापासून त्या नियमांच्या पुस्तकाचं नाव पोथी पडलं. मी शेडमध्ये पाऊल टाकलं की ते ग्राइंडर बंद करून विचारायचे, "सर, आज कितवा अध्याय?" वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला बसायला पत्र्याची खुर्ची आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "वाचा तुमी. तेवढंच त्यांच्या कानावर काही चांगलं पडंल."

मिस्त्रींचा पहिला बेत सिलिंडर मागे डिकीत ठेवायचा होता, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून. मी वाचून दाखवलं: प्लास्टिक चालणार नाही, धातूच्या पट्ट्या हव्यात, बोल्ट जमिनीच्या पत्र्यातून आरपार हवेत, आणि चालवणाऱ्याने पट्टे बांधलेले असताना त्याचा हात सिलिंडरला पोचला पाहिजे.

"मग तो ठेवायचा कुठं? मांडीवर?" मिस्त्री म्हणाले.

मुलगी माझ्या सीटकडे बघत होती. तशीही ती सीट काढावीच लागणार होती; वजन कमी करायला सगळे काढतात. पण तिने मला ते आधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचार केला नव्हता. मी मिस्त्रींना म्हणालो, "काढा."

चारही बोल्ट गंजले होते. मिस्त्रींनी तेल सोडलं, पाना लावून त्यावर लोखंडी पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. सीट निघाली तेव्हा खाली माझ्या पेन्सिली सापडल्या, एक वाचनालयाची पावती, आणि बडीशेप. खूप बडीशेप. मुलगी हसायला लागली. मिस्त्री म्हणाले, "सर, पेरली हुती का काय?"

सिलिंडरची नेमकी जागा ठरवताना मात्र मी कामाला आलो. मुलगी खांद्यावरून येणारे रुंद पट्टे आवळून बसली, तिने डोळे मिटले आणि डावा हात पुढे केला. हात खाली जमिनीपर्यंत जाईना. मिस्त्री म्हणायला लागले, जरा वाक ना ताई. पण त्या पट्ट्यांत वाकता येत नाही, त्यासाठीच तर ते असतात. मी बाहेरून वाकून तिचा हात धरला आणि थोडा वर, थोडा मागे नेला. "इथे," मी म्हणालो. मिस्त्रींनी विचारलं, इथेच का? मी म्हटलं, इथेच. चालवता चालवता माझी पत्नी डावा हात न बघता लांब करायची आणि माझ्या उघड्या पानावर टिचकी मारायची: वर बघा, धरण भरलंय. वर बघा, बगळे. वर्षानुवर्षं तो हात त्याच जागी यायचा. मुलीचा हात तिच्याएवढाच लांब आहे.

मिस्त्रींनी सीटच्या जुन्या बोल्टांवर लोखंडी अँगलची चौकट उभी केली, आणि तिच्यावर सिलिंडर माझ्या मांडीच्या उंचीला आणून बसवला. लाल, आटोपशीर, वर आतला दाब दाखवणारं काट्याचं छोटं घड्याळ, शेजारी दांडी, आणि दांडी अवेळी दाबली जाऊ नये म्हणून अडकवलेली पिन. पिनेची कडी ओढायची आणि दांडी दाबायची. मुलगी डोळे मिटून हात लांब करायची आणि हात बरोबर कडीवर पडायचा.

मग टाकी आणि चालवणारा यांच्यामधला पडदा. मिस्त्रींनी मागच्या सीटच्या जागी पत्रा कापून बसवला, रिबिट मारल्या आणि म्हणाले, "मुंगी जायची न्हाई." मी पोथी काढली. त्यांनी कपाळाला हात लावला. पोथीत एवढंच होतं की पडद्याला भोक नको, पण ते तपासायची युक्ती मुलीला सुचली. गाडीवर उसाच्या ट्रॉलीची ताडपत्री टाकून अंधार केला, मी पुढे बसलो, आणि मिस्त्री टॉर्च घेऊन डिकीत शिरले. एवढा आडवा माणूस तिथे मावला कसा कोण जाणे.

"दिसतंय का काही?" आतून त्यांचा घुमलेला आवाज आला.

"डाव्या कोपऱ्यात एक चांदणी," मी म्हणालो.

"आन?"

"वायरी जातात तिथे तर पूर्ण चंद्र."

मुलगी बाहेर ताडपत्री धरून उभी होती, तिला हसू आवरेना. मिस्त्रींनी चांदणी बुजवली, चंद्र बुजवला, आणि तरी मी शोधत राहिलो. सगळी भोकं संपल्यावर मी त्यांना पुन्हा एकदा टॉर्च फिरवायला लावला. तेव्हा ते डिकीतून म्हणाले, "सर, भोकं संपली. आता तुमी पोरीला काय ते सांगा."

मी टाळतोय हे त्यांना कळत होतं. सगळ्यांनाच कळत होतं. सामान पुरं होत आलं तशी मला नवी कारणं सुचत होती. बाहेरून ओढायच्या स्विचची तार जाड हवी, असं मी म्हटलं. ती जाड घातली. हातमोज्यांची शिवण मी दिव्याखाली धरून बघितली. मुलीने प्रत्येक वेळी विचारलं, "आता?" आणि मी म्हणालो, "अजून एकदा बघू." शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. मुलगी रजा घेऊन आली होती, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटचा बोल्ट आवळून झाला. मी म्हटलं, "उद्या सांगतो."

पण उद्या खंडेनवमी होती, आणि त्या दिवशी शेडमध्ये कुणी हत्याराला हात लावत नाही. हत्यारांचा तो विसाव्याचा दिवस. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी ही पूजा नसते, पण वहिनी दरवर्षी आम्हा तिघांना बोलवायच्या आणि आम्ही जायचो. या वर्षी दोघं गेलो. वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, ड्रिल, पाने, हातोडे, सगळं धुऊनपुसून सतरंजीवर मांडलं होतं, आणि प्रत्येकाला हळदीकुंकू, झेंडूचं फूल आणि लाल-पिवळा नाडा. गाडीला मोठा हार. वहिनींनी गाडीच्या आतही शिरून पूजा केली. नारळ फुटला, खोबरं वाटलं. मिस्त्री त्या दिवशी नवा सदरा घालून मशीनला हात न लावता नुसते इकडून तिकडे फिरत होते, सुट्टी मिळालेल्या मुलासारखे. मी मुलीला काही सांगितलं नाही. सणाच्या दिवशी तिनेही विचारलं नाही.

शनिवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, शेवटची तालीम ठेवली. मुलगी पूर्ण पोशाखात आत बसली, पट्टे बांधले, हेल्मेट घातलं. मी सिलिंडरच्या बाजूच्या दाराशी उभा होतो आणि मिस्त्री पुढे. त्यांनी हात वर करून "आग" म्हणायचं होतं. ते म्हणाले. मुलीने स्विच पाडला, डावा हात लांब केला, कडी बोटात आली आणि तिने ओढली.

कडी निघाली नाही.

तिने पुन्हा ओढली. दांडी हलली, चौकट करकरली, कडी जिथल्या तिथे. मी खिडकीतून डोकं आत घातलं. कडीतून, दांडीभोवती, परत कडीतून असा नाडा गुंडाळला होता आणि वर गाठींवर गाठी. हळदीकुंकवाच्या पाण्याने त्या वाळून दगड झाल्या होत्या. काट्याच्या घड्याळावरही कुंकवाची पाच बोटं होती, काटा दिसत नव्हता. वहिनींनी प्रत्येक हत्याराला बांधला तसाच याला बांधला होता, आणि हे नवं म्हणून जरा जास्त.

एवढी पोथी वाचून, एवढ्या चांदण्या बुजवून, आणि हे. मी त्या गाठीकडेच बघत राहिलो.

"पप्पा, मागे सरका."

आवाज गाडीतून आला नाही. मी वळून बघितलं. मुलगी बाहेर होती, शेडच्या खांबापाशी, गाडीपासून चांगली लांब. पट्टे कधी सोडले, पलीकडच्या दारातून कधी बाहेर पडली, मला कळलं नव्हतं. मीच एकटा गाडीला चिकटून उभा होतो.

"अगं, पिन निघत नाही," मी म्हणालो.

"नाही निघाली म्हणून सोडून दिली. खरी आग असती तर मी ती ओढत बसले नसते, पप्पा. तुम्ही बसला असता."

मिस्त्री म्हणाले, "सर तर सिलिंडरसंगं जळाले असते. वर पोथी हातात."

पोथीत तेच लिहिलं होतं, पहिल्याच ओळीत: आधी माणूस बाहेर. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली होती, आणि केली तिने.

वहिनींना बोलावलं. त्यांनी गाठ बघितली आणि पदर तोंडाला लावला. मिस्त्री म्हणाले, "तोडा आता तो."

"मी न्हाई तोडनार," वहिनी म्हणाल्या. "पूजेचा नाडा हाय. पोरगी उद्या गाडीत बसनार, आन मी आज तोडू?"

"मग मी तोडतो."

"तोडून तर बघा."

मिस्त्रींनी हातातली पकड खाली ठेवली. मुलगी म्हणाली, तिलाही तो तोडवत नाही. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, तुमी तोडा. तुमच्यात हे न्हाई ना. तुमाला चालतंय."

मी पकड उचलली आणि गाडीत शिरलो. त्यांचं बरोबर होतं, आमच्यात हे नाही. आमच्यात हे आहे की माझी पत्नी गाडी सुरू करण्याआधी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून डोळे मिटायची, आणि तेवढा वेळ मी पानात बोट घालून पुस्तक मिटून धरायचो. घाई असली तरी मी तिला कधी मध्येच हाक मारली नाही. पकड गाठीला लावली आणि मला ती दाबता येईना.

"वहिनी, दाभण आहे का?" मी विचारलं.

पोती शिवायचं दाभण होतं. जुनी पुस्तकं बांधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली; दोऱ्याची गाठ न तोडता सोडवायची कशी हे मला येतं. थोडं तेल लावलं, दाभणाचं टोक गाठीच्या पोटात सरकवलं आणि हलवत बसलो. वेळ लागला. मिस्त्री सारखे डोकावून विचारत होते, "किती ऱ्हायल्या?" वहिनी त्यांना म्हणाल्या, "बाळंतीन हाय का ती? गप बसा जरा." चहा आला, गार झाला. शेवटी नाडा पूर्ण हातात आला, कुठेही न तुटता.

आता तो ठेवायचा कुठे? मिस्त्री म्हणाले पिंजऱ्याच्या पाइपला बांधू. मी म्हटलं, लोंबतं काही गाडीत चालत नाही. मिस्त्री म्हणाले, त्यालाही अध्याय हाय का? आहे, मी म्हणालो.

"पप्पांच्या हाताला बांधा," मुलगी म्हणाली.

वहिनी घुटमळल्या. "चालंल का तुमाला, सर?"

मी हात पुढे केला. त्यांनी मनगटाला नाडा बांधला. या वेळी एकच गाठ, आणि तीही सैल.

मुलगी पुन्हा गाडीत बसली. स्विच, कडी, पट्टे, बाहेर. पिन तिच्या हातात होती. तिने ती परत घातली, घड्याळावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं आणि काटा हिरव्यात आहे हे मला दाखवलं. मग हेल्मेट काखेत धरून ती नुसती उभी राहिली. या वेळी तिने "आता?" असं विचारलं नाही.

मी म्हटलं, "जा उद्या."

तिने हेल्मेट गाडीच्या टपावर ठेवलं. मिस्त्रीच मोठ्याने म्हणाले, "सुटलो बाबा," आणि वहिनींनी गार चहा नेऊन गरम करून आणला.

रविवारी माळावर सकाळीच ऊन लागत होतं. तपासणी करणाऱ्या गृहस्थांनी सिलिंडर हलवून बघितला, पडद्याला टॉर्च लावला, स्विचची तार ओढली आणि गाडीवर चिठ्ठी चिकटवून पुढच्या गाडीकडे गेले. मिस्त्रींना हे फार थोडं वाटलं. "एवढंच?" ते मला म्हणाले. "एका अध्यायाचं तरी काही विचारायचं."

आम्ही तिघं दोरीच्या मागे उभे राहिलो. मुलीचा नंबर आला. सिस्टरची गाडी सुटली, पहिल्या वळणावर तिची शेपटी घसरली, सावरली, आणि ती धुळीत गेली. मग नुसती धूळ दिसत होती. वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या. मी मिटले नाहीत. धूळ माळाच्या कडेने फिरत आली, तिच्यातून पांढरं काहीतरी निघालं, आणि गाडी शेवटच्या रेषेवरून गेली.

नंबर काही आला नाही. तिच्यापुढे बरेच जण होते. पण प्रत्येकाला दुसरी फेरी मिळते. ती गाडी घेऊन दोरीपाशी आली, खिडकीला काच नव्हतीच, तिथली जाळी सोडून तिने तोंड बाहेर काढलं. भुवयांवर माती होती आणि ती आईसारखी हसत होती.

"पप्पा, दुसऱ्या फेरीला जाऊ?"

"आता मला कशाला विचारतेस?" मी म्हणालो. "पेट्रोल आहे का बघ."